इस्त्रियाच्या किनाऱ्यावर कॅम्पिंग : मुलांना घेऊन दिवसभराच्या सहली कुठे कराव्यात?

निळाई (धागाकर्ती)

दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियात राहणारी पुष्कळ मराठी कुटुंबे शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की गाडीत तंबू, गॅसची शेगडी आणि डाळ-तांदूळ भरून क्रोएशियाचा किनारा गाठतात. त्यातही एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाशी असलेले इस्त्रिया हे द्वीपकल्प सर्वांत जवळचे. म्युनिकपासून तिथले रोविन्य हे गाव साधारण साडेपाचशे किलोमीटर पडते, म्हणजे पहाटे निघालेले कुटुंब रस्ता मोकळा मिळाल्यास दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचू शकते. कॅम्प कोणता निवडावा हा मोठा विषय असल्यामुळे तो इथे घेत नाही. तिथे पोहोचल्यानंतर मुलांना घेऊन कुठे जावे, किती फिरावे आणि कोणती ठिकाणे सोडून द्यावीत, एवढ्यापुरतीच चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

माझे ठाम मत असे आहे की, मुले लहान असतील तर सहलीचे ठिकाण तंबूपासून तासाभराच्या आत असावे, सकाळी आठच्या सुमारास निघावे आणि ऊन चढायच्या आत परत येऊन मुलांना पाण्यात उतरू द्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये इथला चुनखडीचा पांढरा दगड असा तापतो की दुपारी एक ते चार या वेळेत जुन्या गावांमधून पायपीट करणे मोठ्यांच्याही जिवावर येते. शिवाय एक दिवस सहलीचा आणि एक दिवस निव्वळ कॅम्पवरचा असा क्रम ठेवला, तर मुलांना शेजारच्या तंबूतल्या मुलांशी मैत्री करायला उसंत मिळते, आणि भाषा वेगवेगळ्या असूनही ही मैत्री किती पटकन जमते हे पाहण्यासारखे असते.

ठिकाणांत माझी पहिली पसंती ब्रियुनी बेटांना आहे. पुला या शहराच्या वायव्येला आठ-नऊ किलोमीटरवर फाझाना नावाचे मासेमारीचे गाव आहे, तिथल्या धक्क्यावरून राष्ट्रीय उद्यानाची बोट सुटते आणि पंधराएक मिनिटांत वेलिकी ब्रियुन या मोठ्या बेटावर पोहोचवते. एकूण १४ बेटांचा हा समूह १९८३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटकांची मोटार बेटावर नेता येत नाही, त्यामुळे रस्ते मुलांसाठी निर्धास्त असतात. मार्गदर्शकासोबत छोट्या रेल्वेसारख्या गाडीतून फिरता येते किंवा भाड्याने सायकली घेता येतात. दहा कोटी वर्षांहून जुन्या खडकात उमटलेले डायनोसॉरचे ठसे, वेरिगे खाडीच्या काठचे रोमन हवेलीचे अवशेष, सुमारे सोळाशे वर्षे वयाचे आणि अजूनही फळणारे ऑलिव्हचे झाड, असे सगळे त्या एका बेटावर आहे.

भारतीय मुलांना मात्र तिथे आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मार्शल टिटो यांचे उन्हाळी निवासस्थान या बेटावर होते आणि १९ जुलै १९५६ रोजी टिटो, पंडित नेहरू आणि इजिप्तचे नासर यांनी इथेच संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. पुढे १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची जी पहिली परिषद भरली, तिच्या वाटेवरचा हा महत्त्वाचा टप्पा होता. टिटोंना देशोदेशींहून प्राणी भेट येत, त्यांच्यासाठी बेटावर सफारी उद्यान उभारले गेले आणि इंदिरा गांधींनी सत्तरच्या दशकात पाठवलेली ‘सोनी’ आणि ‘लंका’ ही हत्तीची पिल्ले तिथेच वाढली. सोनी २०१० मध्ये गेला. आपल्या देशातून आलेले हत्ती या इवल्या बेटावर लहानाचे मोठे झाले हे ऐकल्यावर मुलांचे प्रश्न थांबत नाहीत आणि शाळेच्या पुस्तकात कोरडा वाटणारा अलिप्ततावाद त्यांना एकदम जवळचा होतो.

दुसरे ठिकाण पोरेचजवळच्या नोव्हा वास गावातली बारेदिने गुहा. साठ मीटर खोलीपर्यंत पायऱ्यांनी उतरत पाच दालने पाहायची असतात, मार्गदर्शकासह चाळीसएक मिनिटे लागतात आणि आत बारा महिने सुमारे १४ अंश तापमान असते. बाहेर तेहेतीस अंशांचा उकाडा असतानाही सोबत स्वेटर हवाच. तळाशी एका पाण्याच्या कुंडात प्रोटियस हा फिकट गुलाबी, आंधळा, बोटभर जाडीचा उभयचर ठेवलेला असतो. कातडीखाली झाकून गेलेले डोळे आणि गळ्यापाशी बाहेर आलेले लालसर कल्ले मुलांना जवळून दिसतात. दिनारिक पर्वतरांगांच्या भूगर्भातील पाण्यातच हा जीव आढळतो आणि तो माणसाइतका दीर्घायुषी असतो.

पुलाविषयी, रोविन्यविषयी आणि डोंगरमाथ्यावरच्या गावांविषयी इतरांनी लिहावे. पोहणे, वारा आणि लहान मुलांची सुरक्षितता याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर मार्गदर्शन केले तर फार बरे होईल.

श्टुटगार्टकर

धागा उपयुक्त आहे, परंतु तासाभराच्या मर्यादेशी मी सहमत नाही. ज्यांची मुले बारा-चौदा वर्षांची आहेत त्यांना रोज समुद्र पुरत नाही. तिसऱ्या दिवशी ‘आता काय?’ असा प्रश्न येतोच. उन्हाळ्यात पोरेच, रोविन्य आणि पुला इथून व्हेनिसला जलद बोटी जातात, सकाळी निघून रात्री परत येता येते. समुद्रातून व्हेनिसमध्ये शिरताना सान मार्कोचा मनोरा हळूहळू क्षितिजावर उगवतो, हा अनुभव विमानाने किंवा रेल्वेने येणाऱ्यांना मिळत नाही. आमच्या मुलांना तो दिवस अजूनही लख्ख आठवतो. प्लित्वित्सेची सरोवरेही मी सुचवेन. १९७९ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि एकाखाली एक अशी १६ सरोवरे लाकडी पुलवाटांवरून पाहणे ही आयुष्यात एकदा तरी करण्याजोगी गोष्ट आहे.

निळाई

श्टुटगार्टकर, मोठ्या मुलांच्या बाबतीत आपले म्हणणे मला पटते. समुद्रमार्गाने व्हेनिस ही कल्पना सुंदरच आहे. परंतु बोटीचा प्रवास एका बाजूने तीनएक तासांचा होतो, शहरात सहा-सात तास मिळतात आणि तेही भर उन्हात व गर्दीत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पुलांच्या पायऱ्या चढणे-उतरणे आणि रात्री झोपलेल्या मुलाला कडेवर घेऊन कॅम्पवर परतणे, यात सगळ्यांचेच हाल होतात. शिवाय २०२४ पासून ठरावीक दिवशी व्हेनिसमध्ये केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आणि आगाऊ नोंदणी लागू झाली आहे. १४ वर्षांखालील मुलांना शुल्कातून सूट आहे, पण मोठ्यांनी जाण्याआधी तारखा तपासाव्यात.

प्लित्वित्सेचे म्हणाल तर रोविन्यहून जायला अडीच-तीन तास आणि यायला तेवढेच. तिथे पाण्यात उतरण्यास बंदी आहे. त्या निळ्याशार पाण्याशेजारून तीन-चार तास चालायचे आणि पाय बुडवायचे नाहीत, हे लहान मुलांना समजावणे अवघड जाते. त्यापेक्षा परतीच्या वाटेवर वळसा घेऊन तिथे एक मुक्काम करावा आणि सकाळच्या पहिल्या वेळेचे तिकीट आधीच काढून ठेवावे, असे मी सुचवेन.

व्हेनिसची ओढ असलेल्या कुटुंबांनी आधी रोविन्य नीट पाहावे. ते १२८३ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसच्या अमलाखाली होते. संत युफेमियाच्या चर्चचा सुमारे साठ मीटर उंचीचा मनोरा सान मार्कोच्या मनोऱ्याच्या धर्तीवर बांधलेला आहे आणि त्याच्या टोकावरचा संत युफेमियाचा पुतळा वाऱ्याबरोबर फिरतो. गावाच्या पाट्या आजही क्रोएशियन आणि इटालियन अशा दोन्ही भाषांत आहेत. मूळ गाव हे एक बेट होते, १७६३ मध्ये मधली खाडी बुजवून ते मुख्य भूमीला जोडले गेले. संध्याकाळी सहानंतर गेल्यास ऊन उतरलेले असते, आणि बंदरावरच्या बताना संग्रहालयात सपाट तळाच्या पारंपरिक होड्या कशा बांधतात हे मुलांना पाहायला मिळते. या होडीची परंपरा जपण्याच्या उपक्रमाला २०१६ मध्ये युनेस्कोने आदर्श म्हणून मान्यता दिलेली आहे.

दर्यावर्दी

पोहण्याविषयी विचारले आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ज्यांची समुद्राशी ओळख गुहागर, दापोली किंवा मालवणच्या वाळूवर झालेली आहे, त्यांनी पहिल्या दिवशीच लक्षात घ्यावे की इस्त्रियाचा किनारा बहुतांश खडकाळ किंवा गोट्यांचा आहे. लाटा लहान असतात, भरती-ओहोटीचा फरकही कोकणच्या मानाने फारच कमी असतो, आणि पाणी इतके नितळ की चार-पाच मीटर खाली तळ दिसतो. पण याच नितळपणामुळे खोलीचा अंदाज चुकतो. खडकाच्या कडेवरून एक पाऊल पुढे टाकले की पाणी एकदम गळ्यापर्यंत येऊ शकते. मुलांना गुडघाभर पाण्यात खेळवण्याची आपली सवय इथे सर्वत्र चालत नाही.

खडकांच्या सावलीत काळे-जांभळे काटेरी सागरी अर्चिन चिकटून बसलेले असतात. स्वच्छ पाण्याची ती खूण मानली जाते, परंतु पाय पडला की काटे आत मोडून राहतात. रबरी तळाचे पाण्यातले बूट घरातल्या प्रत्येकासाठी घ्यावेत, ते कॅम्पच्या दुकानातही मिळतात. औषधाच्या पेटीत बारीक टोकाचा चिमटा ठेवावा आणि काटा खोल असेल तर कोरत न बसता डॉक्टरकडे जावे.

वाऱ्याचा विषय सर्वांत महत्त्वाचा आहे. चांगल्या हवेच्या दिवशी दुपारी समुद्रावरून ‘मायेस्त्राल’ वाहतो, तो सुखद असतो, मात्र उभ्याने वल्हवायच्या फळीवरून जायचे असेल तर सकाळचीच वेळ निवडावी. ‘युगो’ हा आग्नेयेकडून येणारा दमट वारा लाटा उसळवतो, आणि ईशान्येकडून येणारी ‘बुरा’ ही अचानक झोत मारणारी थंड हवा असते. बुरा जमिनीकडून समुद्राकडे वाहते, त्यामुळे काठाजवळचे पाणी शांत दिसते आणि नेमके तेव्हाच हवा भरलेले हंस, मगरी, गाद्या मुलांसकट खोल पाण्याकडे ढकलल्या जातात. बुराच्या दिवशी फुगवलेली कोणतीही वस्तू पाण्यात नेऊ नये, आणि एखादे खेळणे वाहत गेलेच तर त्याच्या मागे पोहत जाऊ नये हे मुलांकडून आधीच वदवून घ्यावे. समुद्रातील बचावासाठी १९५ आणि इतर सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावेत.

या सगळ्या काळजीनंतर जे मिळते ते मात्र अमोल आहे. पोहण्याचा चष्मा आणि श्वासनळी एवढ्या साध्या सामग्रीत सात-आठ वर्षांचे मूल तासन्‌तास रमते. खडकाच्या कपारीशी निश्चल तरंगत राहिले की पाच मिनिटांत साधू खेकडे शंख पाठीवर घेऊन चालू लागतात, शेवाळ खरवडणारे सोनेरी पट्ट्यांचे माशांचे थवे अगदी हातापाशी येतात आणि तळाशी काळ्या समुद्रकाकड्या दिसतात. मुलांनी जिवंत शंख-शिंपले उचलून बादलीत भरू नयेत. भूमध्य समुद्रातला सर्वांत मोठा पंखाकृती शिंपला, पिन्ना नोबिलिस, २०१६ नंतर पसरलेल्या रोगाने बहुतेक ठिकाणी नाहीसा होत आला आहे. त्याचे रिकामे कवच दिसले तरी ते तिथेच राहू द्यावे, कारण या प्राण्याला कडक कायदेशीर संरक्षण आहे.

याच संदर्भात पुलाच्या वेरुदेला किल्ल्यातले मत्स्यालय पाहावे. ऑस्ट्रो-हंगेरियन काळातल्या या किल्ल्याच्या दगडी खोल्यांत टाक्या मांडलेल्या आहेत आणि तिथेच जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र चालते. आपल्याकडे वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहिलेल्या मुलांना इथे त्या कथेचा पुढचा भाग भेटतो, जात वेगळी असली तरी.

ओसरी

माहिती वाचून फार आनंद झाला. आमच्यासोबत या वर्षी भारतातून येणारे सासू-सासरे असणार आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे साठ मीटर खोल गुहा त्यांना झेपणार नाही. त्यांना बरोबर घेऊन करता येतील अशा सहली कोणत्या? त्यांच्या व्हिसाविषयीही शंका आहे. आणखी एक, थोडी संकोचाने विचारते : काही कॅम्पविषयी वाचताना ‘एफकेके’ अशी अक्षरे दिसली, त्याचा अर्थ काय?

श्टुटगार्टकर

ओसरी, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते आरक्षणापूर्वी कळायला हवे आणि यात संकोच करण्यासारखे काही नाही. ती अक्षरे निर्वस्त्र राहण्याची जर्मन परंपरा दर्शवतात. इस्त्रियात ती जुनी आहे. वर्सारजवळचे कोव्हेर्साडा हे तिचे प्रसिद्ध केंद्र १९६१ पासून आहे. असे कॅम्प कुटुंबांचे आणि शांत असतात, परंतु आजी-आजोबांसह जाणाऱ्या आपल्या कुटुंबाला ते सोयीचे होणार नाहीत. काही मोठ्या कॅम्पमध्ये किनाऱ्याचा एक भाग त्यासाठी राखलेला असतो, तेव्हा नकाशा नीट पाहून जागा निवडावी.

व्हिसाचे आता सोपे झाले आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. सासू-सासऱ्यांचा शेंगेन व्हिसा चालेल. मात्र सीमा खुल्या असल्या तरी स्लोव्हेनियाने क्रोएशियाच्या सीमेवर २०२३ च्या शरद ऋतूपासून तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केलेली आहे, म्हणून सर्वांचे पासपोर्ट आणि तुमची निवासपत्रे गाडीतच हवीत, कॅम्पच्या तिजोरीत नकोत. दक्षिणेकडे जाऊन बोस्नियात डोकावायचा विचार असेल तर तिथल्या मोस्तार शहरासाठी शेंगेनबाहेर जावे लागते. त्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येता येणार नाही.

ज्येष्ठांसाठी पुलाचे रोमन रंगमंडल उत्तम. पहिल्या शतकातली ही वास्तू १३२ मीटर लांब आणि १०५ मीटर रुंद आहे, चारही बाजूंचे मनोरे शाबूत आहेत आणि आतला भाग सपाट असल्यामुळे फारसे चढावे लागत नाही. उतारावर बांधल्यामुळे समुद्राकडून तीन मजले आणि टेकडीकडून दोनच दिसतात, हे मुलांना शोधून काढायला सांगावे. १५८३ मध्ये व्हेनिसच्या सिनेटमध्ये ही संपूर्ण वास्तू दगड-दगड सुटी करून व्हेनिसला हलवण्याचा विचार झाला होता, गाब्रिएले एमो या सदस्याने विरोध केल्यामुळे तो बारगळला आणि त्याच्या स्मरणार्थ लावलेली पाटी तिथे आहे. वारशाच्या बाबतीत एका माणसाचा ठाम नकार किती मोलाचा असतो हे मुलांना इथे उदाहरणासह सांगता येते. अंधार पडल्यावर जवळच्या उल्यानिक गोदीतल्या प्रचंड क्रेन रंगीत दिव्यांनी उजळतात, ते बंदरावरच्या बाकावर बसून निवांत पाहता येते.

निळाई

ओसरीताई, ब्रियुनीची छोटी गाडीसुद्धा सासूबाईंना मानवेल. चालणे थोडेच असते, बोटीत चढताना फक्त हात द्यावा. पोरेचची युफ्रेझियन बॅसिलिकाही पाहा. सहाव्या शतकातली सोनेरी मोझेक तिथे आहेत आणि १९९७ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दगडी इमारत असल्यामुळे आत गारवा असतो, बाकांवर बसून राहता येते.

मोटोवुन मात्र विचार करून ठरवा. टेकडीवरचे हे तटबंदीचे गाव फार देखणे आहे, पण वरपर्यंतचा चढ दगडी आणि गुळगुळीत आहे. खालच्या मिर्ना नदीच्या खोऱ्यातील जंगलात शिकवलेली कुत्री ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) हुंगून काढतात. पांढऱ्या ट्रफलचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो, उन्हाळ्यात मिळते ती काळी जात. १९९९ मध्ये इस्त्रियातच १.३१ किलो वजनाचे पांढरे ट्रफल सापडले होते. कुत्र्यांसह जंगलात नेणाऱ्या सहली असतात आणि सहा-सात वर्षांवरील मुलांना तो तास-दीड तास अतिशय आवडतो. कुत्रे माती उकरू लागले की मालक त्याला अलगद बाजूला करतो, हाताने माती दूर करतो आणि बटाट्यासारखी दिसणारी ती गाठ मुलांच्या नाकापाशी धरतो.

पारिजात

खाण्याविषयी कुणी लिहिले नाही म्हणून शाकाहारी कुटुंबांसाठी मी लिहिते. इस्त्रियाच्या खानावळींत मासे आणि मांस मुख्य असले तरी उपाशी राहायची वेळ येत नाही. ‘फुझी’ हा हाताने वळलेला पास्ता ट्रफल किंवा टोमॅटोसोबत मिळतो, ‘ब्लित्वा’ ही बटाटा-लसूण घातलेली पालेभाजी आपल्या जिभेला लगेच रुचते, आणि बेकरीत चीज भरलेला बुरेक सकाळी गरम मिळतो. ‘मानेश्त्रा’ हे घेवडा आणि मक्याचे दाट सूप दिसायला शाकाहारी असते, परंतु त्यात अनेकदा डुकराच्या मांसाचे हाड घालून उकळतात, म्हणून विचारल्याशिवाय मागवू नये. लिम खाडीच्या बोटसफरीत दुपारचे जेवण म्हणजे भाजलेला मासा असतो. तिकीट काढतानाच शाकाहारी असल्याचे सांगितले तर वेगळी सोय होते, बोटीवर चढल्यावर सांगून उपयोग नसतो.

सहलीच्या दिवशी डबा सोबत घेतलेला सर्वांत बरा. आदल्या रात्री केलेले मेथीचे ठेपले किंवा दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छान राहतात. भाजीबाजारातले टोमॅटो, पीच, कलिंगड आणि ऑगस्टमध्ये ताजी अंजिरे घ्यावीत. रविवारचे सामान शनिवारी घेऊन ठेवावे. जुलै २०२३ पासूनच्या कायद्यानुसार दुकानांना वर्षातले केवळ १६ रविवार उघडी राहण्याची मुभा आहे. ते रविवार उन्हाळ्यात वापरण्याकडे दुकानदारांचा कल असतो, तरी भरवसा ठेवू नये.

स्वयंपाकाची एक तांत्रिक बाब. तंबूच्या जागेवरची वीज बहुधा निळ्या, तीन गोल पिनांच्या प्लगमधून मिळते, त्यासाठी जोडणीची वायर सोबत हवी. जोडणी किती अँपिअरची आहे हे विचारून घ्यावे. सहा किंवा दहा अँपिअर असेल तर विजेची शेगडी आणि किटली एकाच वेळी लावल्यास वीज जाते. कुकरसाठी गॅसच सोयीचा. कोळशाची शेगडी पेटवण्यापूर्वी कॅम्पचे नियम वाचावेत, कारण उन्हाळ्यात पाइनची झाडे वाळलेली असतात आणि वणव्याच्या भीतीने उघड्या आगीवर कडक बंदी असते.

भटकभवानी

इस्त्रियाची चर्चा वाचताना दक्षिणेकडच्या डाल्मेशियाविषयीही दोन शब्द लिहावेसे वाटले. ज्यांची मुले अगदी लहान आहेत त्यांनी झादरजवळच्या निन गावाचा विचार करावा. तिथे या किनाऱ्यावर दुर्मीळ असलेली खरी वाळू आहे, पाणी दूरवर उथळ आहे आणि शेजारी मिठागरे आहेत. मुले अंगाला औषधी चिखल फासून घेतात आणि वाळला की समुद्रात धुऊन टाकतात. झादरच्या धक्क्यावर वास्तुकार निकोला बाशिच यांनी २००५ मध्ये घडवलेला समुद्राचा ऑर्गन आहे. दगडी पायऱ्यांखाली बसवलेल्या नळ्यांत लाटा हवा ढकलतात आणि सूर उमटतात. मुले पायरीच्या छिद्राला कान लावून बसतात, मोठी बोट गेली की सूर कसा बदलतो हे ती आपोआप टिपतात.

कर्का राष्ट्रीय उद्यान शिबेनिकपासून जवळ आहे. जुन्या छायाचित्रांत धबधब्याखाली पोहणारी माणसे दिसतात, परंतु स्क्रादिन्स्की बुक या धबधब्यापाशी २०२१ पासून पोहण्यास मनाई आहे, तेव्हा मुलांना आधीच कल्पना द्यावी. तिथल्या जुन्या दगडी पाणचक्क्या चालू स्थितीत दाखवतात. २८ ऑगस्ट १८९५ रोजी याच नदीवर सुरू झालेल्या जलविद्युत केंद्रातून शिबेनिक शहराचे दिवे लागले, नायगाराच्या केंद्रानंतर केवळ दोन दिवसांनी. विज्ञानाची आवड असलेल्या मुलांना त्या केंद्राचे अवशेष जरूर दाखवा.

दर्यावर्दी

कामेन्याकचा उल्लेख राहून गेला. पुलाच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर प्रेमांतुरा गाव आहे आणि त्यापुढे समुद्रात घुसलेले हे संरक्षित टोक. मोटारीला प्रवेशशुल्क आहे, चालत किंवा सायकलने गेल्यास नाही. आमचे मत सायकलच्या बाजूने आहे, कारण कच्च्या रस्त्यावर गाड्यांचा पांढरा धुरळा उडतो आणि गर्दीच्या दिवसांत आत गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते. सावली फार थोडी आहे, म्हणून प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोप्या आणि छत्री हवी. टोकाकडच्या कड्यांवरून तरुण मुले पाण्यात उड्या मारतात. त्यांचे पाहून आपल्या मुलांना उडी मारू देऊ नये. खाली कुठे खडक आहे हे फक्त स्थानिकांना ठाऊक असते.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही ब्रियुनी, पुला आणि रोविन्यची संध्याकाळ एवढेच नक्की केले आहे, बाकीचे दिवस कॅम्पवर. एक शेवटचा प्रश्न : दोन-तीन दिवस पाऊस लागला किंवा बुरा सुटली तर काय करावे? तंबूत मुलांना किती वेळ गुंतवून ठेवणार?

निळाई

पावसाळी दिवसासाठी स्लोव्हेनियातील पोस्तोयनाची गुहा हातची ठेवावी. रोविन्यहून साधारण दीड तास लागतो, म्हणजे माझ्या मर्यादेबाहेर, पण हवा थंड असेल तर गाडीतला वेळ मुलांना जड जात नाही. आत विजेच्या छोट्या रेल्वेने खोलवर जाता येते आणि पायी भागात थोडे चढ-उतार असले तरी पायऱ्या नाहीत आणि कठडे आहेत, त्यामुळे सासूबाईंनाही सावकाश जमेल. तापमान दहा अंशांच्या आसपास असते. जवळच नऊ किलोमीटरवर कड्याच्या गुहेत बांधलेला प्रेद्यामा किल्ला आहे. पाऊस पडला की किनाऱ्यावरची सगळीच कुटुंबे तिकडे निघतात, म्हणून हवामानाचा अंदाज पाहून आदल्या संध्याकाळीच वेळेचे तिकीट घ्यावे. स्लोव्हेनियाच्या महामार्गासाठी गाडीच्या क्रमांकावर इलेक्ट्रॉनिक व्हिन्येट (ठरावीक मुदतीचा टोल परवाना) लागते. येताना घेतलेल्या सात दिवसांच्या व्हिन्येटची मुदत तोवर संपलेली नाही ना, हे मात्र निघण्यापूर्वी पाहून घ्या. बुराच्या दिवशी तंबूचे सर्व दोर ताणून, जास्तीचे खुंटे ठोकूनच बाहेर पडा, आणि पुढचा मांडव उतरवून ठेवा.